एलएम-सेन्सर्स

एलएम-सेन्सर्स हा लिनक्सवर चालणाऱ्या संगणकातील तापमान, व्होल्टेज आणि पंख्यांचा वेग मोजणाऱ्या संवेदक चिप्सची मोजमापे वाचून ती वापरकर्त्यापुढे मांडणारा मुक्त स्रोत सॉफ्टवेअर संच आहे. 'लिबसेन्सर्स' ही लायब्ररी, 'सेन्सर्स' ही आज्ञा, संगणकात कोणत्या चिप्स आहेत ते शोधणारी 'सेन्सर्स-डिटेक्ट' ही स्क्रिप्ट आणि पंख्यांचा वेग राखणारी 'फॅनकंट्रोल' ही स्क्रिप्ट हे त्याचे मुख्य भाग आहेत. चिपशी प्रत्यक्ष बोलणारे ड्रायव्हर पूर्वी याच संचात असत. आता ते लिनक्स कर्नलच्या 'एचडब्ल्यूमॉन' या उपप्रणालीत आहेत. प्रकल्पाचे नाव नॅशनल सेमीकंडक्टर या अमेरिकी कंपनीच्या एलएम७५ आणि एलएम७८ या चिप्सवरून पडले. ही कंपनी २०११ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने विकत घेतली, परंतु प्रकल्पाचे नाव तेच राहिले.

प्रकल्पाचे तांत्रिक महत्त्व मोजमाप दाखवण्यापेक्षा एका वेगळ्या गोष्टीत आहे. सुरुवातीला प्रत्येक नव्या चिपसाठी ड्रायव्हर, लायब्ररी आणि दर्शक आज्ञा असे तीन ठिकाणचे काम करावे लागे. सुमारे दहा वर्षांच्या प्रयत्नांनंतर ही स्थिती बदलली आणि कधीही न पाहिलेल्या चिपची मोजमापेसुद्धा जुनीच लायब्ररी वाचू शकेल अशी सामाईक रचना तयार झाली.

चिप काय मोजते

एलएम७८ ही या जातीतील सुरुवातीची आणि पुढच्या अनेक चिप्सना नमुना ठरलेली चिप होय. तिला व्होल्टेजसाठी सात प्रवेश, पंख्यांसाठी तीन आणि स्वतःच्या आत एक तापमान संवेदक होता. विनबाँडसह इतर उत्पादकांनी पुढे काढलेल्या अनेक चिप्समध्ये एलएम७८ चीच रजिस्टरांची मांडणी थोड्याफार फरकाने आढळते.

व्होल्टेज मोजणारा भाग आठ बिटांचा असून त्याची एक पायरी १६ मिलिव्होल्टची आहे. त्यामुळे ० ते २५५ या अंकांत ० ते ४.०८ व्होल्ट एवढेच मावते. संगणकाच्या वीजपुरवठ्यात मात्र ५ आणि १२ व्होल्टच्या वाहिन्याही असतात. त्या चिपला थेट जोडता येत नाहीत. म्हणून मदरबोर्ड बनवणारा दोन रोधकांचा विभाजक बसवून व्होल्टेज आधी कमी करतो आणि मग चिपच्या पायाला देतो. समजा, चिपने १८६ हा अंक दिला. याचा अर्थ पायावर २.९७६ व्होल्ट आहेत. विभाजकात ६.८ आणि १० किलो-ओहमचे रोधक असतील तर या संख्येला १.६८ ने गुणावे लागते, आणि उत्तर जवळजवळ ५ व्होल्ट येते. रोधक कोणते बसवले आहेत हे चिपला ठाऊक नसते आणि ते विचारण्याची सोयही तिच्यात नसते.

पंख्याचा वेग मोजण्याची रीत उलटी आहे. सर्वसाधारण पंखा एका फेऱ्यात दोन स्पंद देतो. चिप स्पंद मोजत नाही. दोन स्पंदांच्या दरम्यान तिच्या अंतर्गत २२.५ किलोहर्ट्झच्या घड्याळाचे किती ठोके पडले ते मोजते. म्हणून १३,५०,००० या संख्येला ठोक्यांच्या आकड्याने आणि निवडलेल्या भाजकाने भागले की दर मिनिटाचे फेरे मिळतात. भाजक २ आणि ठोके २२५ असतील तर वेग ३,००० फेरे येतो. पंखा जितका मंद, तितके ठोके जास्त. आठ बिटांत २५५ च्या पुढे जागा नसल्याने भाजक २ असताना सुमारे २,६५० फेऱ्यांपेक्षा मंद पंखा मोजताच येत नाही. चिप तो थांबलेला समजते. भाजक वाढवला की मंद पंखा दिसतो, पण वेगवान पंख्याच्या मोजमापातील बारकावा कमी होतो. 'पंखा शून्य दाखवतो, पण डोळ्यांसमोर फिरतो आहे' या तक्रारीचे एक कारण बहुधा येथे सापडते.

तापमानासाठी अर्धवाहक जोडणीवरील व्होल्टेज वापरले जाते, कारण ते तापमान एका अंशाने वाढले की साधारण २ मिलिव्होल्टने घटते. काही बोर्डांवर त्याऐवजी थर्मिस्टर असतो. एकाच पायाला डायोड, ट्रान्झिस्टर किंवा थर्मिस्टर यांपैकी काहीही जोडता येईल अशा चिप्स पुष्कळ आहेत. चिपमधील निवड आणि प्रत्यक्ष जोडणी यांत मेळ नसेल तर आकडा येतो, पण त्याला अर्थ नसतो. पायाला काहीच जोडलेले नसेल तर १२७ किंवा उणे १२८ अंशांसारखी तापमाने दिसतात. आठ बिटांच्या चिन्हयुक्त संख्येची ती दोन टोके आहेत आणि नवख्या वापरकर्त्याला घाबरवण्यापलीकडे त्यांचा उपयोग नाही.

इतिहास

अलेक्झांडर लार्सन यांनी एलएम७५ आणि एलएम७८ साठी लिहिलेले ड्रायव्हर हे या प्रकल्पाचे मूळ होय. फ्रोडो लूइयार्ड आणि फिलिप एडेलब्रॉक यांनी १९९८ च्या सुमारास त्यावर एलएम-सेन्सर्सची उभारणी केली. पुढे मार्क स्टुडबेकर, मार्क हॉफमन आणि ज्याँ देल्वार यांनी ते काम वाढवले. कर्नलमधील उपप्रणालीची देखभाल नंतरच्या काळात प्रामुख्याने ग्युंटर रोएक यांच्याकडे आली.

कर्नलच्या २.४ मालिकेपर्यंत हे ड्रायव्हर मुख्य कर्नलच्या बाहेर होते. वापरकर्त्याला ते वेगळे उतरवून आपल्या कर्नलशी जुळवून संकलित करावे लागत. मोजमापे 'प्रोक' या आभासी फाइलरचनेत मिळत. मात्र एका फाइलमध्ये कमाल मर्यादा, किमान मर्यादा आणि चालू आकडा असे तीन-चार अंक एका ओळीत असत, आणि कोणता अंक कशाचा हे चिपागणिक बदले. डिसेंबर २००३ मध्ये २.६ कर्नल आला तेव्हा ग्रेग क्रोआ-हार्टमन आणि इतरांनी केलेल्या कामामुळे यांतील बरेच ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये आले होते आणि त्यांची मोजमापे 'सिसएफएस' या नव्या रचनेत दिसू लागली होती. एका फाइलमध्ये एकच मूल्य हा सिसएफएसचा नियम होता. पुढे घडलेल्या जवळजवळ सर्व सुधारणांना हा साधा नियम उपयोगी पडला.

२००५ मध्ये 'एचडब्ल्यूमॉन' हा स्वतंत्र वर्ग अस्तित्वात आला. तोपर्यंत हे ड्रायव्हर आय-टू-सी या दुपदरी जोडवाहिनीचे पोटविभाग मानले जात. वस्तुतः पुष्कळ चिप्स त्या वाहिनीवर नव्हत्याच. त्या 'सुपर आयओ' या बहुउद्देशी चिपमध्ये सामावलेल्या होत्या आणि त्यांच्याशी बोलण्याची पद्धत निराळी होती. उपकरण कोणत्या वाहिनीवर आहे याऐवजी ते काय काम करते यावरून त्याचे वर्गीकरण व्हावे, हा विचार येथे मान्य झाला.

थिंकपॅडचा प्रसंग

चिप शोधण्याच्या प्रयत्नातच संगणक निकामी होऊ शकतो, हे प्रकल्पाला फार लवकर कळले. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत आयबीएमच्या काही थिंकपॅड लॅपटॉपवर सेन्सर्स-डिटेक्ट किंवा त्या वाहिनीचे ड्रायव्हर चालवल्यानंतर लॅपटॉप पुन्हा सुरू होईनात. सुरू होताना चेकसमची चूक दाखवून ते थांबत, आणि मदरबोर्ड बदलण्यावाचून सामान्य वापरकर्त्यापुढे उपाय राहत नसे.

कारण त्या वाहिनीवर बसलेल्या ॲटमेलच्या २४आरएफ०८ या स्मृती चिपमध्ये होते. एखाद्या पत्त्यावर कोणी आहे का हे पाहण्याची प्रचलित रीत म्हणजे त्या पत्त्याला 'लिहिण्याची' एक रिकामी हाक द्यायची आणि होकार मिळतो का ते बघायचे. प्रत्यक्षात काहीच लिहायचे नसल्याने ही रीत निरुपद्रवी मानली जात होती. परंतु या विशिष्ट चिपमधील दोषामुळे अशा हाकेनंतर तिच्यातील मजकूर बिघडत असे. त्या मजकुरात संगणकाच्या ओळखीच्या आणि मांडणीच्या नोंदी असत. संवेदक शोधणाऱ्या सॉफ्टवेअरचा त्या चिपशी संबंध नव्हता. दोन्ही एकाच वाहिनीवर शेजारी होत्या, एवढेच.

यावर दोन उपाय झाले. संबंधित वाहिनीचा 'पीआयआयएक्स४' हा ड्रायव्हर आयबीएमचा संगणक ओळखला की सुरू होण्यासच नकार देऊ लागला. शिवाय स्मृती चिप्स सामान्यतः ज्या पत्त्यांवर असतात, तेथे लिहिण्याच्या हाकेऐवजी वाचण्याची हाक देण्याचा प्रघात पडला. सेन्सर्स-डिटेक्ट आजही प्रत्येक टप्प्यावर परवानगी मागते. तिचे लांबलचक प्रश्न कंटाळवाणे वाटतात, पण त्यांच्यामागे हा अनुभव आहे.

चिप ओळखण्याची अडचण

यूएसबी किंवा पीसीआय उपकरणे विचारले असता आपला उत्पादक आणि नमुना क्रमांक सांगतात. आय-टू-सी वाहिनीवर अशी सक्ती नाही. विनबाँडच्या चिप्स एका ठरावीक रजिस्टरात उत्पादकाची खूण ठेवतात, त्यामुळे त्या ओळखणे सोपे असते. एलएम७५ मध्ये मात्र ओळखीचे रजिस्टरच नाही. तिच्यासाठी ड्रायव्हर आडमार्गाने जातो. तिच्यात चारच रजिस्टर असल्याने पत्ता वाढवत नेला की तीच मूल्ये पुन्हापुन्हा येतात, आणि काही न वापरलेले बिट नेहमी शून्य असतात. ही लक्षणे जुळली तर चिप बहुधा एलएम७५ आहे असे मानले जाते. 'बहुधा' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. भलत्याच चिपला एलएम७५ समजून तिची मर्यादा बदलण्यासाठी लिहू गेल्यास ते लिखाण दुसऱ्याच कशावर तरी पडते.

सुपर आयओ चिप्सच्या बाबतीत दार ठोठावण्याची प्रत्येक उत्पादकाची खूण वेगळी आहे. विनबाँड आणि फिनटेकच्या चिप्स षोडशमान ८७ हा अंक दोनदा लिहिल्यावर उघडतात, तर आयटीईच्या चिप्सना ८७, ०१, ५५, ५५ असा क्रम लागतो. दार उघडल्यावर मात्र ओळख क्रमांक निश्चित जागी मिळतो.

एकसमान नावांचा करार

सामाईक आधाराचा पाया म्हणजे कर्नलच्या दस्तऐवजात लिहून ठेवलेला नावांचा आणि एककांचा करार. प्रत्येक चिपला एचडब्ल्यूमॉनखाली एक फोल्डर मिळतो. त्यात तापमानाच्या फाइलींची नावे 'टेम्प', व्होल्टेजच्या 'इन', पंख्याच्या 'फॅन', विद्युतप्रवाहाच्या 'कर' आणि शक्तीच्या 'पॉवर' या शब्दांनी सुरू होतात. मग क्रमांक येतो आणि मग अधोरेषेनंतर प्रकार. पहिल्या तापमानाचा चालू आकडा 'टेम्प१_इनपुट'मध्ये, कमाल मर्यादा 'टेम्प१_मॅक्स'मध्ये, धोक्याची मर्यादा 'टेम्प१_क्रिट'मध्ये मिळते. तापमान सहस्रांश अंश सेल्सिअसमध्ये, व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये, प्रवाह मिलिअँपियरमध्ये आणि शक्ती मायक्रोवॉटमध्ये लिहिली जाते. ४५.५ अंशांऐवजी ४५५०० लिहिण्याचे कारण असे की कर्नलमध्ये दशांश चिन्हाचे गणित सहसा केले जात नाही. पूर्णांकच वापरले जातात.

वरवर पाहता हे केवळ नामकरण आहे. पण प्रत्येक नियमामागे चिप्समधील एखादा फरक मिटवण्याचा निर्णय आहे. हिस्टेरेसिसचे उदाहरण बोलके आहे. तापमान ८० अंशांच्या वर गेले की सूचना सुरू व्हावी आणि ७५ च्या खाली आल्यावरच बंद व्हावी, असे हवे असेल तर काही चिप्स '७५' हा अंक साठवतात, तर काही '५ अंशांचा फरक' साठवतात. कराराने ठरवले की फाइलमध्ये नेहमी प्रत्यक्ष तापमान, म्हणजे ७५, लिहायचे. फरक साठवणाऱ्या चिपच्या ड्रायव्हरने वजाबाकी स्वतः करायची. धोक्याच्या सूचनांचेही तसेच झाले. पूर्वी सर्व सूचना 'अलार्म्स' नावाच्या एकाच फाइलमध्ये एका संख्येच्या बिटांत बांधलेल्या असत. कोणता बिट कोणत्या पंख्याचा हे प्रत्येक चिपमध्ये वेगळे असल्याने ती संख्या वाचणाऱ्याला चिपचे माहितीपत्रक जवळ ठेवावे लागे. नव्या करारात 'फॅन१_अलार्म' अशी प्रत्येक मोजमापाची स्वतंत्र फाइल आली आणि तिच्यात ० किंवा १ एवढेच असते.

तिसरी आवृत्ती

करार असला तरी लायब्ररी अजून जुनीच होती. दुसऱ्या मालिकेतील लिबसेन्सर्समध्ये प्रत्येक ज्ञात चिपचा आणि तिच्या प्रत्येक मोजमापाचा तक्ता हाताने लिहिलेला होता. सेन्सर्स या आज्ञेतही जवळपास प्रत्येक चिपकुळासाठी छपाईचे स्वतंत्र फलन होते. याचा परिणाम असा की नवा ड्रायव्हर कर्नलमध्ये येऊनही लायब्ररीची नवी आवृत्ती येईपर्यंत वापरकर्त्याला काही दिसत नसे. शिवाय ड्रायव्हर आणि तक्ता यांची देखभाल वेगवेगळ्या वेळी होत असल्याने दोहोंत विसंगती शिरे.

नोव्हेंबर २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३.०.० या आवृत्तीने हे तक्ते काढून टाकले. नवी लायब्ररी सुरू होताना एचडब्ल्यूमॉनखालचे फोल्डर चाळते, फाइलींची नावे वाचते आणि त्यांवरूनच चिपमध्ये काय काय आहे याची यादी बनवते. 'फॅन३_इनपुट' आहे म्हणजे तिसरा पंखा आहे. 'फॅन३_मिन' आहे म्हणजे त्याला किमान मर्यादा आहे. चिपचे नाव लायब्ररीला ओळखीचे असण्याची गरज उरली नाही. या बदलाची किंमतही होती: जुन्या लायब्ररीसाठी लिहिलेले प्रोग्राम नव्या लायब्ररीवर चालत नव्हते आणि २.४ कर्नलचा आधार सोडून द्यावा लागला. परंतु त्यानंतर कर्नलमध्ये आलेले बहुसंख्य ड्रायव्हर लायब्ररीत एक ओळही न बदलता दिसू लागले.

हीच दृष्टी पुढे ड्रायव्हरांपर्यंत पोचली. मेमरी पट्ट्यांवरील तापमान संवेदकांसाठी जेडेक या मानक संस्थेने एकच रजिस्टर मांडणी ठरवली असल्याने 'जेसी४२' हा एक ड्रायव्हर अनेक उत्पादकांच्या चिप्सना पुरतो. वीजपुरवठा नियंत्रकांसाठी पीएमबस हा आज्ञांचा सामाईक संच आहे. कर्नलमध्ये २०११ मध्ये आलेला त्याचा गाभा चिप कोणत्या आज्ञांना उत्तर देते ते पाहून फाइली तयार करतो. २०१६ मध्ये एचडब्ल्यूमॉनच्या गाभ्यात नवी नोंदणी पद्धत आली. तीत ड्रायव्हरने 'माझ्याकडे दोन तापमाने आणि एक पंखा आहे' एवढे तक्त्याच्या स्वरूपात सांगायचे आणि वाचन-लेखनाची फलने द्यायची. फाइली गाभाच बनवतो. २०२० मध्ये 'ड्राइव्हटेम्प' या ड्रायव्हरने हार्ड डिस्कची तापमानेही याच करारात आणली. पूर्वी त्यासाठी प्रशासकाच्या अधिकाराने चालणारा वेगळा प्रोग्राम लागे.

बोर्डाची जोडणी

एक भाग मात्र सामाईक होऊ शकला नाही, आणि तो होणारही नव्हता. चिपच्या चौथ्या पायाला ५ व्होल्टची वाहिनी जोडली आहे की १२ ची, विभाजकात कोणते रोधक आहेत, दुसरा पंखा प्रोसेसरचा आहे की मागच्या जाळीचा, हे सर्व मदरबोर्ड बनवणाऱ्याने ठरवलेले असते. एकच चिप दोन बोर्डांवर दोन तऱ्हांनी जोडलेली असू शकते. म्हणून सर्वसाधारण नियम असा ठरला की मदरबोर्डाची खास माहिती नसेल तर कर्नलने पायावरचे व्होल्टेज जसेच्या तसे द्यायचे आणि पुढचा गुणाकार वापरकर्त्याच्या बाजूला करायचा.

त्यासाठी 'सेन्सर्स३' ही मांडणी फाइल आहे. तिच्यात 'लेबल' या शब्दाने मोजमापाला नाव देता येते, 'कम्प्यूट'ने सूत्र देता येते, 'सेट'ने मर्यादा ठरवता येते आणि 'इग्नोर'ने न जोडलेले पाय लपवता येतात. कम्प्यूटमध्ये दोन सूत्रे लिहावी लागतात: एक वाचताना लावायचे आणि दुसरे त्याचे उलटे, मर्यादा लिहिताना लावायचे. वरच्या उदाहरणात पहिले १.६८ ने गुणण्याचे आणि दुसरे १.६८ ने भागण्याचे असेल. दुसरे सूत्र चुकले तर दिसणारा आकडा बरोबर असतो, पण मर्यादा चुकीची बसते आणि धोक्याची सूचना एकतर सतत वाजते किंवा कधीच वाजत नाही.

ही सूत्रे मिळवायची कोठून, हा खरा प्रश्न आहे. बोर्ड उत्पादक ती क्वचितच प्रसिद्ध करतात. नेहमीचा मार्ग म्हणजे बायोसच्या पडद्यावर दिसणारे आकडे कागदावर उतरवून घ्यायचे आणि लिनक्समधील आकड्यांशी ताडून गुणक काढायचा. वापरकर्त्यांनी अशा रीतीने तयार केलेल्या बोर्डनिहाय फाइली प्रकल्पाच्या भांडारात साठवल्या जातात. प्रकल्पाचे मूळ संकेतस्थळ बंद पडल्यावर हे भांडार गिटहबवर हलवण्यात आले. २०१५ मधील ३.४.० नंतर तीन वर्षे नवी आवृत्ती आली नव्हती. २०१८ मध्ये ३.५.० आणि २०१९ मध्ये ३.६.० प्रसिद्ध झाली.

प्रोसेसरच्या आतले संवेदकही याला अपवाद नाहीत. इंटेलच्या प्रोसेसरमधील संवेदक तापमान सांगत नाही. कमाल मर्यादेपासून आपण किती अंश दूर आहोत ते सांगतो. मर्यादा १०० आणि अंतर ३८ असेल तर तापमान ६२. पण कोअर २ पिढीतील अनेक प्रोसेसरांत ती मर्यादा वाचण्याची सोय नव्हती, त्यामुळे 'कोअरटेम्प' ड्रायव्हरला ती ८५ किंवा १०० अशी अनुमानाने धरावी लागे आणि अंदाज चुकला की सगळे आकडे १५ अंशांनी सरकत. एएमडीच्या रायझन १७००एक्स आणि १८००एक्स या प्रोसेसरांत पंखे लवकर वाढावेत म्हणून उत्पादकानेच नियंत्रण तापमानात २० अंश मिळवले होते. तो फरक 'के१०टेम्प' ड्रायव्हरला तक्ता ठेवून वजा करावा लागला.

बायोसशी स्पर्धा

बहुतेक चिप्समध्ये रजिस्टर वाचण्यासाठी आधी एका जागी त्याचा क्रमांक लिहावा लागतो आणि मग दुसऱ्या जागी मूल्य मिळते. या दोन पायऱ्यांच्या मध्ये दुसऱ्या कोणी क्रमांक बदलला तर भलतेच मूल्य वाचले जाते, किंवा लिहायचे असल्यास भलत्या जागी लिहिले जाते. बायोससोबत येणारा एसीपीआयचा कोड कधीकधी त्याच चिपशी पडद्याआडून बोलत असतो. दोघांना एकमेकांची खबर नसते. म्हणून २००९ पासून कर्नल एसीपीआयने राखून ठेवलेल्या जागांवर ड्रायव्हरला बसू देत नाही. ही अट शिथिल करण्याचा पर्याय उपलब्ध असून अनेक ठिकाणी तो सर्रास सुचवला जातो. बहुतेक वेळा काही बिघडत नाही. पण पंख्याचे नियंत्रण बायोसकडे असलेल्या संगणकात हा धोका प्रत्यक्ष असतो.

उष्ण प्रदेशातील वापर

चिपचे स्थिर तापमान म्हणजे ढोबळमानाने भोवतालच्या हवेचे तापमान अधिक तिच्या शक्तीमुळे होणारी वाढ. ६५ वॉटचा प्रोसेसर आणि दर वॉटला अर्धा अंश चढवणारा शीतक धरल्यास वाढ ३२.५ अंशांची होते. २५ अंशांच्या वातानुकूलित खोलीत आकडा ५७.५ येईल. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो. परभणी जिल्ह्यातील देवगाव फाट्यासारख्या रस्त्याकाठच्या ठिकाणी पत्र्याच्या छपराखाली चालणाऱ्या झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांच्या दुकानात हवा ४३ अंश असेल, तर तोच संगणक तेच काम करताना ७५.५ दाखवील. त्यात शीतकाच्या पात्यांवर धूळ साचली की दर वॉटची चढ वाढते.

अशा ठिकाणी एकट्या तापमानाच्या आकड्यापेक्षा दोन आकड्यांमधील फरक अधिक सांगतो. प्रोसेसरचे तापमान आणि मदरबोर्डवरील संवेदकाचे तापमान दोन्ही वाढली असतील तर कारण हवेत आहे. मदरबोर्डचे तापमान तेच राहून प्रोसेसरचे वाढले असेल तर धूळ, सुकलेला उष्णतावाहक लेप किंवा मंदावलेला पंखा याकडे पाहावे लागते. वीजपुरवठा अस्थिर असलेल्या भागात १२ व्होल्टच्या वाहिनीची नोंदही उपयोगी पडते. एटीएक्स मानकाच्या जुन्या आवृत्त्यांप्रमाणे ती ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे ११.४ ते १२.६ व्होल्टच्या दरम्यान राहावी लागे. अर्थात आधी कम्प्यूटचे सूत्र बरोबर हवे. ते नसेल तर ठणठणीत वीजपुरवठाही बिघडलेला दिसतो. एलएम-सेन्सर्सचे पॅकेज डेबियनच्या भांडारात आहे.

पंख्यांचे नियंत्रण

अनेक चिप्स पंख्याचा वेग बदलूही शकतात. त्यासाठी 'पीडब्ल्यूएम१' या फाइलमध्ये ० ते २५५ पर्यंतची संख्या लिहितात. 'पीडब्ल्यूएम१_इनेबल'मध्ये १ लिहिल्यास नियंत्रण सॉफ्टवेअरकडे येते, ० म्हणजे पूर्ण वेग, आणि २ किंवा त्यापुढील मूल्ये चिपच्या स्वयंचलित पद्धतींसाठी असतात. फॅनकंट्रोल ही स्क्रिप्ट ठरावीक सेकंदांनी तापमान वाचून वेग बदलते.

येथे चुकीची किंमत आकड्यापुरती राहत नाही. हातातले नियंत्रण घेऊन स्क्रिप्ट मध्येच मेली तर पंखा शेवटच्या मंद वेगावर अडकू शकतो. म्हणून बाहेर पडताना ती पंखे पूर्ण वेगावर आणण्याचा प्रयत्न करते. दुसरी अडचण क्रमांकांची आहे. एचडब्ल्यूमॉन० आणि एचडब्ल्यूमॉन१ हे क्रमांक ड्रायव्हर ज्या क्रमाने सुरू होतील तसे मिळतात आणि संगणक पुन्हा सुरू झाल्यावर बदलू शकतात. तसे झाल्यास हार्ड डिस्कच्या तापमानावरून प्रोसेसरचा पंखा चालवला जाण्याचा संभव असतो. फॅनकंट्रोल आपल्या मांडणी फाइलमध्ये उपकरणाचा मार्ग आणि नाव लिहून ठेवते आणि सुरू होताना ते जुळले नाहीत तर चालण्यास नकार देते. 'पीडब्ल्यूएमकॉन्फिग' ही तिची सोबतीण कोणते नियंत्रण कोणत्या पंख्याचे हे शोधण्यासाठी एकेक पंखा काही क्षण थांबवून पाहते; भर उन्हात, संगणकावर मोठे काम चालू असताना ती न चालवणे बरे.

इतर प्रणाली

ओपनबीएसडीने 'एचडब्ल्यू.सेन्सर्स' या नावाने वेगळी रचना केली. तिच्यात वापरकर्त्याने काही मांडावे लागू नये यावर भर आहे. ती फ्रीबीएसडीवर आणण्याचे काम २००७ च्या गूगल समर ऑफ कोडमध्ये झाले आणि ऑक्टोबर २००७ मध्ये मूळ भांडारात दाखलही झाले. पण रचनेविषयीच्या आक्षेपांमुळे काही दिवसांतच ते मागे घेण्यात आले. विंडोजमध्ये मदरबोर्डवरील या चिप्ससाठी असा सर्वमान्य करार नसल्याने ओपन हार्डवेअर मॉनिटरसारखे प्रोग्राम चिप्सचे ज्ञान स्वतःच बाळगतात, म्हणजे एलएम-सेन्सर्सच्या दुसऱ्या मालिकेसारखी स्थिती तेथे टिकून आहे.

सर्व्हर संगणकांत प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला गेला. इंटेल, एचपी, डेल आणि एनईसी यांनी १९९८ मध्ये आणलेल्या आयपीएमआय मानकानुसार बोर्डावर स्वतंत्र नियंत्रक असतो आणि तो प्रत्येक संवेदकाची नोंद ठेवतो. त्या नोंदीत संवेदकाचे नाव, एकक आणि कच्च्या अंकावर लावायच्या सूत्राचे गुणक असतात. बोर्ड उत्पादकच हे गुणक भरून देत असल्याने विभाजकाचे रोधक वापरकर्त्याला शोधावे लागत नाहीत. घरगुती संगणकांच्या बोर्डांवर असा नियंत्रक सहसा नसतो, त्यामुळे तेथे बायोसच्या पडद्यावरचे आकडे कागदावर उतरवण्याची जुनी रीत अजून चालू आहे.